ओट्यावर बसलेली

२१ जुलै १९९९

शालूस,

आईचा आशीर्वाद. तुला नको असेल तर पुनमला देऊन टाक, वाया घालवू नको.

पाकिटावर जिल्हा हिंगोली बघून गोंधळू नको. मे महिन्यापासून आपण परभणीतून निघून हिंगोलीत आलो म्हणे. मी तर ह्याच ओट्यावर बसलेली होते, मला काही हलल्यासारखं वाटलं नाही. हे सगळं निर्मला सांगते. निर्मला म्हणजे आपल्या अंगणवाडीच्या बाई. तू यायची बंद झालीस त्याच्या नंतर त्या आल्या. मी बोलते, ती लिहिते. अक्षर मोत्यासारखं आहे असं तीच म्हणते. मला काय, मला मोती आणि ज्वारी सारखीच.

तू विचारशील, सहा वर्षं कागद नाही आणि आज काहून. काही नाही, पाणी उकळून प्या एवढं सांगायचं होतं. आमच्याकडं ढाळ-वांती लागली आहे. आधी वेशीजवळचा म्हातारा गेला, मग शिंप्याची सून, मग एकाच घरातली दोन लेकरं. सरकारी जीप येऊन विहिरीत औषध टाकून गेली. पाण्याला वास येतो, पण त्यानं तरी बरं होईल असं कुणाला वाटत नाही. एवढ्यासाठी सासूनं पत्र धाडलं म्हणून जावईबापू हसतील. हसू दे. दात तेवढे चांगले आहेत त्यांचे.

गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं आहे. तुला माहीत आहे, पण पुनमला सांग. वासराएवढा लाकडी गाडा करतात. त्यात लाकडाची बाहुली, तिला हिरवं लुगडं, बांगड्या, वर लिंबाचा पाला. घराघरातल्या बाईनं आपल्या हातचं मूठभर पीठ त्यात टाकायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, आई, जा. मग गडीमाणसं गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेत ढकलतात आणि मागं न बघता घरी येतात. ते गाव पुढच्या गावाच्या शिवेत ढकलतं. अशी ती शिवेशिवेनं जात राहते. कुठं पोचते ते कुणी विचारत नाही.

ग्यानबा आला होता पीठ मागायला. आपल्या भावकीतला ग्यानबा, तो आता सरपंच आहे. पोट सुटलंय.

"काकू, मूठभर पीठ द्या."

"मूठभर काहून? भाकरीच थापते, बस."

"भाकरी न्हाई. गाड्यात टाकायचं आन हात जोडायचे. दर साल तुमाला सूट दिली. औंदा मानसं मरून राहिलीत."

"मग पीठ न्हाई ग्यानबा. औषधाला, लाकडाला, मयताला काय पाहिजे ते माग. हे न्हाई."

"एक घर राहिलं तर गाडा अडतो, काकू."

"मग चाकाला तेल घाला."

तो हसला नाही. आधी हसायचा.

तू पण हसली नव्हतीस. पुनमच्या जावळाला तुमच्या देवीपुढं बोकड पडला, आणि मी पदरात बांधून नेलेली भाकरी कोपऱ्यात बसून खाल्ली, देवीपुढं हात जोडले नाहीत. साऱ्या पाहुण्यांदेखत तू म्हणालीस, आई, एक हात जोडला असता तर काय झिजला असता? झिजला नसता गं. पण आम्ही महानुभाव. उपदेश घेतला त्या दिवशी हे दोन हात मी एकाला देऊन टाकले. बाकीच्या देवता नाहीत असं आमचं म्हणणं नाही. त्या आहेत. पण त्यासुद्धा त्याच्याच हाताखालच्या, मग त्यांच्यापुढं काय वाकायचं. दिलेली लेक मनात आलं म्हणून परत आणता येत नाही, तसे हे हात.

लेकीचं उदाहरण आपोआप तोंडात आलं. निर्मलाला खोड म्हटलं, तर ती म्हणते राहू द्या.

पाणी उकळून प्या.

आई

(अंगठा)

३१ जुलै १९९९

शालूस,

उत्तराची वाट बघत नाही, पोस्टमन आला की नुसती मान वर होते.

गाडा मंगळवारी निघाला. सगळी घरं देऊन मोकळी झाली, माझंच राहिलं. तरी ग्यानबानं काढला. हलगी वाजवत, शिंगं फुंकत शिवेपार ढकलून आले. सगळे म्हणाले, सुटलो.

बुधवारी सकाळी दार उघडलं तर गाडा माझ्या ओट्याला लागून उभा.

तू म्हणशील, शेजारच्या गावानं परत आणून सोडला असेल, आपलं घर त्या बाजूनं पहिलं लागतं. मीही तेच म्हणाले. पण त्या गावची माणसं चिडून आली. आम्ही तर त्याच दुपारी तो पुढच्या शिवेत नेऊन सोडला, लेकराबाळांची शपथ, म्हणाली. शपथ लोक कशाचीही घेतात, तेही मी धरत नाही. पण शालू, रात्रभर पाऊस होता. ओट्यापुढं सगळा चिखल. त्या चिखलात कोंबडीच्या पायाचे ठसे मी मोजून दाखवले असते. गाड्याच्या चाकाचा माग नव्हता.

शुक्रवारी परत ओढून नेला. आज शनिवार. आज परत दारात. बाहुलीचं तोंड माझ्या घराकडं.

आता रीत अशी, की ज्या दारात ती थांबली त्या घरच्या बाईनं तिची ओटी भरायची, हात जोडायचे, तेव्हा ती उठते. म्हणजे सगळ्या गावाचं माझ्या दोन हातांवर येऊन बसलं. निर्मला म्हणते, अशी तुमची किंमत कधी आली नव्हती. तिला आता बोलायला यायला लागलंय माझ्यासारखं.

चक्कीवाला माझं दळण घेत नाही. विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलून बाजूला होतात. तोंडानं कुणी वाईट बोलत नाही, नुसती वाट बघत उभ्या राहतात, मी कधी जाईन म्हणून. हळदीत तण माजलंय आणि निंदायला कुणी येत नाही. मी आणि तुझा भाऊ वैजनाथ, आम्हीच दोघं निंदतो. त्याची बायको लेकरं घेऊन माहेरी गेली. मीच जा म्हटलं.

काल वैजनाथ जेवताना मान खाली घालून म्हणाला, "आई, तुझ्या वतीनं मी जोडू का?"

"उपदेश तूही घेतलाय ना?"

"घेतलाय. पण मला तेवढं जमत न्हाई तुझ्यावानी."

"मग तुझ्या वतीनं जोड. माझ्या वतीनं न्हाई."

तो उठून गेला. हात धुतले आणि खिशात घातले. जोडले नाहीत. पोरगं बरं आहे, बापावर गेलं नाही.

बाहुलीबद्दल सांगते. सुताराच्या हातची, नाकाला धार नाही, डोळे काजळानं काढलेले. साधं लाकूड. पण तिचं लुगडं ओलं असतं. रात्री पाऊस झाला तर असेलच ओलं. परवा दिवसभर ऊन होतं, माझी गोधडी दुपारपर्यंत खडखडीत वाळली. तिचं लुगडं पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. मी पिळलं नाही. दुसरीचं लुगडं आपण काहून पिळायचं.

कुत्रं ओट्यावर येत नाही आता. त्याची भाकरी मी रस्त्यावर नेऊन ठेवते.

पुनम केवढी झाली, ते कळव. नुसता एक हात उंच धरून भिंतीवर रेघ मार आणि किती विती ते लिही. मला कळेल.

आई

(अंगठा)

४ ऑगस्ट १९९९

शालूस,

हे पत्र लिहायला निर्मला तयार नव्हती. म्हणाली, आजी, असलं कागदावर उतरवू नये. मी म्हटलं, तू देवीची भक्त ना, मग तुला काय भ्यायचं, भ्यायचं तर मी. तेव्हा बसली. पण ओट्याकडं पाठ करून बसत नाही. भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडं करून लिहिते आहे.

परवा भर दुपारची गोष्ट. वैजनाथ रानात होता. गाव कसं दुपारी गप्प होतं तुला माहीत आहे, पण परवा चिमण्यासुद्धा गप्प होत्या. मी दारात तूर निवडत बसले होते. मान वर केली तर गाड्याशेजारी ओट्यावर एक म्हातारी बसलेली. माझ्याएवढीच, थोडी जास्तच. हिरवं लुगडं, चिंब ओलं, काठातून पाणी ठिबकून राहिलेलं. आली कुठून ते मी बघितलं नाही.

"कुठल्या गं बाई तुमी?"

"इथलीच. तिथलीच."

"भिजलात कुठं? पाऊस तर न्हाई."

"रोजच भिजते. कोणी आत घेत न्हाई. पाणी दे गं."

पाणी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं. विहिरीचं तर मिळत नाही, वैजनाथनं ओढ्यावरून आणून, उकळून ठेवलेलं होतं. तांब्या दिला. तिनं संपवला. दुसरा दिला. मग तिनं घागरीकडंच बोट केलं. शालू, तिनं घागर तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. मधे श्वास घेतला नाही. गळ्याची हालचालसुद्धा दिसली नाही मला. नुसतं पाणी जात राहिलं, जसं भेगेत जातं.

मी म्हटलं, "बाई, निदान ढेकर तरी द्या, म्हणजे मला समाधान."

ती हसली. दात नव्हते, पण हसणं तरण्या बाईचं होतं.

"तू मला ओळखलंस."

"खरं बोलायचं तर ओळखलं."

"मग हात जोड की. साऱ्या गावानं जोडले. तुझेच राहिले."

"पाणी मागितलंत, दिलं. सावली पाहिजे, बसा. हात दुसऱ्याकडं दिलेले हायेत."

"त्यो येतो का कधी? तुझ्या दारात? असा?"

मी म्हटलं, "न्हाई येत."

मी तुरीतला खडा उचलायला खाली बघितलं. वर बघितलं तर ओटा रिकामा. दगडावर बसल्याजागी ओलं होतं, बाईमाणूस मांडी घालून बसतं तेवढं. आणि मी उठून बाहुलीला हात लावून बघितला. तिचं लुगडं कोरडं. तेवढ्या वेळापुरतं कोरडं. संध्याकाळी परत ओलं झालं.

आणखी एक बोलली ती. ते राहू दे.

वैजनाथला मी सांगितलं नाही. त्यानं घागर रिकामी बघून विचारलं, एवढं पाणी काय केलं? पाहुणी आली होती म्हटलं. ह्या दिवसांत आपल्याकडं कोण येणार, असं त्याच्या तोंडावर आलं, पण तो गप घागर घेऊन ओढ्याला गेला.

तू पाणी उकळतेस का?

आई

(अंगठा)

९ ऑगस्ट १९९९

शालू,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांनी. हिंगोली-कळमनुरी जीप चालवणारा भीमसिंग, तो तांड्यावरचा, दारापर्यंत आणून देऊन गेला. ओट्यावर चढला नाही, लांबून फेकलं, पण दिलं. निर्मलानं वाचून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं.

तू लिहितेस, गाडा पहिल्यांदा निघाला त्याच मंगळवारी दुपारी तुमच्या दारात एक म्हातारी आली, ओल्या हिरव्या लुगड्याची. पाणी मागितलं. पुनमनं दिलं, आणि म्हातारं माणूस म्हणून वाकून हात जोडले. संध्याकाळपासून तिला वांत्या. कळमनुरीच्या दवाखान्यात सलाईन लावलं आहे आणि डोळे आत गेलेत. तू लिहितेस, आई, ती तुझ्या दारात अडून बसली आहे हे सगळ्या मुलखाला कळलंय. तुझ्या हट्टापायी माझं लेकरू जातंय. हात जोड, माफी माग, तिला उठव. नाही जोडलेस तर मी तुला मेले.

आता मी मागच्या वेळी काय राहू दिलं ते सांगते. म्हातारी जाताना म्हणाली होती, "तुझी नात गुणाची हाय. मागायच्या आत हात जोडले पोरीनं." मला वाटलं, भेवडवते. कुठल्या नातीचं म्हणते, वैजनाथच्या की तुझ्या, तेही विचारलं नाही. तुला लिहिलं तर तू घाबरशील म्हणून गिळलं. खरं तर मीच घाबरले.

तुझं पत्र ऐकल्यावर माझे हात वर आले, शालू. मी उचलले नाहीत, आपले आपण आले. छातीपर्यंत आले. निर्मलानं बघितलं, तिला विचार कधी भेटलीस तर. दोन्ही पंजांत चार बोटांचं अंतर राहिलं असेल. मी दारात उभी, समोर ती काजळाच्या डोळ्यांची.

मग मी हात तसेच धरून तिला विचारलं. बाहुलीलाच. दुपार नव्हती, कुणी आलं नव्हतं. "माझ्या नातीनं पाणी दिलं, मान दिला. तिच्या आत काहून शिरलीस?"

बाहुली बोलली नाही. पण आतून, पाणी भरलेल्या मडक्यात बोलल्यासारखं, ऐकू आलं. निर्मला म्हणते तिला काही ऐकू आलं नाही, आणि हे लिहिताना बघ, तिच्या मोत्यांची ज्वारी झाली.

"हात जोडले म्हंजे बोलावणं असतंय. बोलावलं की मला जावं लागतंय. आत गेले की पाय आवरत न्हाईत गं. मी कुठं सुखानं जाते? इथून हाकलतात, तिथून हाकलतात. बसू कोण देतंय?"

"आन माझ्याकडं?"

"तुझ्याकडं कोण बोलावतंय? ओट्यापतोर."

मी हात खाली घेतले.

आता नीट ऐक, आणि रागानं कागद फाडायचा तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. मी हात जोडले तर ती उठेल, खरं आहे. ग्यानबा वाजतगाजत शिवेपार ढकलेल. शेजारचं गाव पुढं ढकलेल. मधे दोन-तीन शिवा, मग कयाधू, मग तुझं गाव. दोन वेळा ढकलली, आणि पहिल्याच खेपेला ती तुझ्या दारात पोचली. आता परत धाडू? सलाईन लावलेल्या लेकराच्या उशाशी?

ती बसली आहे तोवर चालत नाही. आणि बसायला तिला साऱ्या मुलखात हा एकच ओटा आहे, जिथून तिला आत कुणी बोलावणार नाही. म्हणून मी हात जोडणार नाही. आधी माझ्या देवासाठी जोडत नव्हते, आता पुनमसाठीही नाही.

माझ्या परमेश्वराकडं मी काल दिवसभर पुनमला मागितलं. तो ऐकतो की नाही मला ठाऊक नाही. तो काही ओट्यावर येऊन पाणी मागत नाही, की अमकीनं हात जोडले म्हणून सांगत नाही. त्याचा आवाज मी ह्या जन्मात एकदाही ऐकला नाही. हिचा दोन वेळा ऐकला. तरी हात त्याचेच. ह्याला तू हट्ट म्हण.

परवा अमावास्या, सूर्याला ग्रहण आहे. ग्रहण लागायच्या आत गाडा गेलाच पाहिजे असं गावानं ठरवलंय. मी जोडले नाहीत तरी उचलून नेणार आहेत.

तू मला मेलीस तर मेलीस. पण पुनमचं कळव. भीमसिंगजवळ नुसता निरोप दे.

आई

(अंगठा)

१२ ऑगस्ट १९९९

शालू,

भीमसिंग अजून आला नाही. मी आपलं सांगून ठेवते.

काल पाच-साडेपाचला ते आले. ग्यानबा पुढं, मागं सगळा गाव. आभाळ भरलेलं होतं. मी आधीच बाज काढून गाड्यापुढं आडवी टाकली होती आणि तिच्यावर बसले होते. वैजनाथ माझ्या उजव्या हाताला उभा. त्याला मी जा म्हटलं, तर म्हणाला, "हात जोडायचं जमत न्हाई, उभं राहायचं तर जमतंय." म्हटलं ना, पोरगं बरं आहे.

ग्यानबा म्हणाला, "काकू, बाज उचला."

"म्हातारी बसलेली हाय बाजेवर. म्हातारीसकट उचल."

"येळ कमी हाय काकू. हात जोडा, न्हाई तर बाजूला व्हा."

"दोन्ही व्हनार न्हाई."

"ही तुमची देवी न्हाई! तुमी हिला मानत न्हाई, मग अडवून काहून धरून राहिलात?"

"तुमी मानता आन हाकलता. मी मानत न्हाई आन बसू देते. आता तूच सांग, तिला कोन बरं वाटत असंल?"

मागून कुणी तरी हसलं. ग्यानबानं वळून बघितलं तशी ते थांबलं.

"काकू, गावातली चार मानसं गेली."

"मला दिसतंय रे. शिंप्याच्या सुनेला न्हाऊ घालायला मीच गेले होते, तुझी बायको न्हाई आली. पण पुढल्या शिवेतबी कुणाचं तरी लेकरू हाय."

"कुणाचं तरी. आपलं न्हाई ना."

"माझं हाय," मी म्हटलं. मग मला तुझी आठवण झाली.

त्यानं चार गड्यांना खूण केली. ते पुढं आले. एकानं गाड्याच्या दांडीला हात घातला.

तेवढ्यात अंधारायला लागलं. ढगांमुळं सूर्य दिसत नव्हताच, नुसता उजेड गेला, कुणी वात खाली ओढल्यासारखा. लिंबावर कावळे येऊन बसले आणि चुप झाले. वारा गार सुटला. दांडी धरलेल्यानं दांडी सोडली. मागची माणसं मागं सरकल्याचं पायांच्या आवाजावरून कळत होतं.

आणि माझी बाज दुसऱ्या बाजूनं खचली.

बाजेवर कुणी बसलं की सुतळी कशी करकरते, तुला माहीत आहे. तशी करकरली. माझ्या डाव्या दंडाला ओलं कापड लागलं. थंड. इतकं थंड की दंडाला आज सकाळपर्यंत बधिरपणा होता. मी मान वळवली नाही. कानाजवळ आवाज आला, त्या दिवसाचा हसरा नाही. घर चुकलेल्या बाईसारखा.

"ढकलतील का गं मला?"

शालू, जिच्यापायी पुनमच्या हाताला सुई लागली, तिला काय म्हणायचं? तोंडात शिवी आली होती. पण जी भिऊन राहिली आहे तिला मी शिवी देऊ शकत नाही, एवढीच माझी खोड. मी म्हटलं, "न्हाई ढकलणार. बस. पण इथंच बस. आत न्हाई आन पुढंबी न्हाई."

किती वेळ गेला सांगता येत नाही. उजेड परत यायला लागला तेव्हा अंगणात ग्यानबा आणि वैजनाथ दोघंच राहिले होते. ग्यानबा माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या शेजारी, बाजेच्या रिकाम्या जागेकडं बघत होता. तोंड उघडं. आणि त्याचे हात हळूहळू वर येऊन राहिले होते, माझे आले होते तसेच.

मी ओरडले, "ग्यानबा! हात खाली!"

जन्मात त्याच्यावर एवढी ओरडले नव्हते. त्यानं दचकून हात खाली घेतले, मग पाठीमागं नेले, एका हातानं दुसरा मनगटाशी गच्च धरला आणि तसाच घरी चालत गेला. मी त्याला वळणापर्यंत बघितलं. हात सुटले नाहीत.

गाडा दारातच आहे. बाहुलीचं तोंड आता घराकडं नाही, रस्त्याकडं आहे. माझ्या बाजूनं बसल्यासारखी बसली आहे.

आई

(अंगठा)

१४ ऑगस्ट १९९९

शालू,

भीमसिंग काल आला. जीप थांबवून खालूनच ओरडला, "आजी, पोरगी उठली! ग्रहणाच्या सांजेला भाकरी मागितली तिनं!" मग म्हणाला, "आन तुमची लेक पंचमीला येनार हाय. पोरीला घेऊन."

मी घरात गेले आणि दार लावून घेतलं. काय केलं ते निर्मलाला सांगितलं नाही, तुलाही सांगत नाही.

गावात बुधवारपासून नवीन कुणी पडलं नाही. निर्मला म्हणते, विहिरीतल्या औषधाचा गुण. असेल. दळण अजून कुणी घेत नाही. ग्यानबा माझ्या घरावरून जाताना हात पाठीमागं बांधून जातो. त्याचं बघून आता बरेच जण तसेच जातात. लांबून कुणी बघितलं तर वाटेल, चोर धरून नेऊन राहिले.

तू येणार. सहा वर्षांनी. नागाला मी हात जोडत नाही, पण पंचमीच्या झोक्याला कधी नाही म्हटलंय का? वैजनाथ आज लिंबाला दोर बांधतोय. मला तुला नको म्हणायला पाहिजे. काल रात्रभर मनात नको हाच शब्द तयार करत होते, सकाळी निर्मला कागद घेऊन बसली आणि तो काही तोंडातून निघेना. म्हणून ये. पण मी सांगते तशी ये, हे पत्र भीमसिंगच्याच हाती धाडते, पंचमीच्या आत पोचेल.

ती ओट्यावरच आहे. तिच्यावरूनच आत यायला लागतं. तू लहानपणापासून देव दिसला की हात जोडणारी, आणि तुझं बघून पुनम. मला त्याचा राग नाही, कधी नव्हता. राग आला तो माझेही जोडायला सांगितलंस त्याचा. पण ह्या वेळी नाही जोडायचे. अर्धेसुद्धा नाही. नुसते वर आणलेस तरी ती बोलावणं समजेल आणि जाताना तुझ्या जीपमध्ये तुझ्या शेजारी बसेल.

कोपऱ्यावर उतरल्यावर "आई" म्हणून हाक मारू नको. ओट्यावरून दुसरीच ओ देईल. पाणी मागितलं तर बोलू नको, पाणी मी देईन, माझं आणि तिचं ते ठरलेलं आहे. माझ्याही पाया पडायला वाकू नको, ते घरात आल्यावर बघू, आणि जावईबापू येणार असतील तर त्यांना म्हणावं दात झाकून या.

पुनमचा एक हात तू धर. तिच्या दुसऱ्या हातात काहीही दे, भोपळा दे. तुझ्या दुसऱ्या हातात जड पिशवी घे, चांगली जड, की खाली ठेवल्याशिवाय हात सुटणार नाही. आणि दारापर्यंत कुठंही खाली ठेवू नको. तिच्याकडं बघितलंस तरी चालेल, माणूस माणसाकडं बघतं तसं. मग ओट्यावर पाय दे आणि सरळ चालत ये.

मी उंबऱ्याच्या आत उभी राहीन. पिशवी मी घेईन.

चतुराबाई

(अंगठा)